आरशासमोरची उजळणी

मित्रांनो, थळच्या कोळीवाड्यात, एका घराच्या ओटीवर टांगलेला मी एक जुना आरसा आहे. अलिबागच्या बाजारात एका काचवाल्याने माझ्या पाठीला पारा लावला आणि सागाच्या चौकटीत मला बसवले. ठमाबाईंच्या लग्नात मी या घरी आलो. खारा वारा लागून आता माझ्या कडा काळ्या पडल्या आहेत.

ते माझे कौतुकाचे दिवस होते. सुकी मासळी घेऊन बाजाराला निघण्याआधी ठमाबाई माझ्यासमोर अबोलीची वेणी माळत. "कशी दिसतेस गो ठमे? हाय का न्हाय राणी?" असे मलाच विचारत आणि मोठ्याने हसत. त्यांचा आवाज वाऱ्यावर मात करणारा. किनाऱ्यावरच्या लिलावात तो होडीपर्यंत ऐकू जाई.

मग त्यांच्या मुलाची, रतनची बायको हेतल घरात आली. ती बारावी झालेली होती. ठमाबाईंनीच तिला कॉलेजात घातले. "तू शिक गो. टोपली उचलाया मी हाय," असे म्हणाल्या.

हेतलने समाजशास्त्र घेतले. शेवटच्या वर्षी तिला आधुनिक फ्रेंच विचारवंतांवर वर्गात बोलायचे होते. ती माझ्यासमोर उभी राहून सराव करी. "ज्ञान आणि सत्ता हातात हात घालून चालतात. कोणती भाषा शुद्ध, कोणते वागणे सुसंस्कृत, हे ज्यांची चलती आहे ते ठरवतात. शाळा त्यालाच हुशारी म्हणते. आणि ज्याच्यावर सतत नजर आहे, तो हळूहळू स्वतःच स्वतःवर पहारा करू लागतो."

ठमाबाई जवळा निवडत ऐकत होत्या. "फ्रान्सची मानसं बोलतात हे? लई डोकं हाय गो त्यांना. जवळा धाडूया का किलोभर?"

"आई, हसवू नका ना! विसरेन मी सगळं."

हेतलला त्या विषयात वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

पुढे क्षिप्रा जन्मली. आजी तिला बाय म्हणे. दिवसभर दोघींच्या गप्पा. क्षिप्राही आजीसारखीच मोठ्याने, हेल काढून बोले. ती चार वर्षांची झाली तेव्हा हेतल तिला एका मोठ्या इंग्रजी शाळेत मुलाखतीला घेऊन गेली. बाईंनी विचारले, नाश्त्याला काय खाल्लेस? क्षिप्रा म्हणाली, "सुकट न् भाकर. तू न्हाय खात?" बाई गोड हसल्या. प्रवेश मात्र मिळाला नाही. घरच्या भाषेकडे जरा लक्ष द्या, पुढच्या वर्षी या, असे त्यांनी हेतलला सांगितले.

मित्रांनो, आईची काळजी मी जवळून पाहिली आहे. हेतल रात्री झोपत नसे. शाळा चूक आहे हे तिला नेमके ठाऊक होते. ते कसे घडते हेही ती शिकली होती. पण लेक मागे राहिली तर? या भीतीपुढे तिचे शिकलेले काही चालेना. ती रोज क्षिप्राला माझ्यासमोर उभी करू लागली. "ओठ बघ आरशात. 'न्हाय' नाही. 'नाही'. आणि हळू बोल."

एके दिवशी ती सासूला म्हणाली, "आई, वर्षभर तिच्याशी जरा कमी बोला. राग मानू नका."

"बरं," ठमाबाई म्हणाल्या. फक्त एवढेच.

पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला. घरात पेढे आले.

मग शाळेत आजी-आजोबांचा कार्यक्रम ठरला. ठमाबाईंनी ठेवणीतले हिरवे लुगडे काढले, वेणी आणवली. क्षिप्रा बूट घालत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "आजी, तू नको येऊस. तू मोठ्याने बोलतेस. सगळे बघतात."

सासूच्या केसांत वेणी माळता माळता हेतलचा हात थांबला. ठमाबाई हसल्या. "जा गो तुम्ही. माझं गुडघं दुखतंय," म्हणाल्या. गुडघे दुखत नव्हते. सकाळीच त्या किनाऱ्यावर जाऊन आल्या होत्या.

दुपारी घर रिकामे होते. ठमाबाई माझ्यासमोर आल्या, पदराने मला पुसले आणि स्वतःच्या ओठांकडे बघत सावकाश म्हणाल्या, "नाही. नाही. मला नाही माहीत." त्यांचा तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. इतका बारीक.

हेतल दारात उभी होती. कार्यक्रमाहून कधी परतली ते आम्हा दोघांनाही कळले नव्हते. "आई, असं नका ना. तुम्ही तुमचंच बोला. मी चुकले," म्हणत ती रडू लागली.

ठमाबाईंनी तिचे डोळे पुसले. मग एकेक शब्द जपून ठेवत म्हणाल्या, "रडू नकोस. मला सवय होईल."

आमच्या घरात आता सगळे फार शुद्ध बोलतात, मित्रांनो. फार थोडे बोलतात. माझ्याकडे हल्ली कुणी बघत नाही, त्याचे मला वाईट वाटत नाही. विनंती एकच आहे. तुमच्या घरी कुणी बोलता बोलता थबकत असेल, तुमच्यासाठी दुसरा शब्द शोधत असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. त्यांचा पहिला शब्द मागून घ्या. तो परत यायला वेळ लागतो. कधीकधी येतच नाही.