बाटलीचा तळ

‘आईच्या अडाणीपणामुळे मृत्यू’ असं तुम्ही सरकारी चौकशीच्या कागदावर लिहिलंत, साहेब. खोटं लिहिलंत.

माझा एफ्राइम नऊ महिन्यांचा होता. जुलाब थांबेनात म्हणून माझी बायको केझाया ईली गावातल्या दुकानातून अफूचं औषध घेऊन आली. आमच्या दलदलीच्या मुलखात ते घरोघरी असतं; त्यानं पोट बांधलं जातं. ती बाटली हलवू लागली, तशी शेजारची डॉर्कसमावशी म्हणाली, "पोराच्या जुलाबांनी कालव्यालाही लाजवलं गं! पण वेडे, हलवतेस काय? गाळ वर येईल ना!"

आम्ही कालव्याचंच पाणी पितो. गाळ खाली बसू देतो आणि वरचं नितळ घेतो. केझायानं औषधही तसंच दिलं. पाच दिवस जुलाब थांबले नाहीत, कारण सगळी अफू तळाशी बसली होती. सहाव्या दिवशी पोर सुकून गेलं आणि बाटलीत फक्त तळ उरला. तिनं तो खरवडून पाजला. जुलाब थांबले. संध्याकाळी श्वासही थांबला.

मी कालवा खणून परतलो, तेव्हा ती त्याला मांडीवर थोपटत होती. "हळू बोला," म्हणाली, "आत्ताच डोळा लागलाय."

वाचायला मी स्वतःच शिकलोय. बाटली मी उलटसुलट करून पाहिली. दुकानदाराचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. ‘हलवून घ्या’ एवढं मात्र कुठंच नव्हतं. ते दोन शब्द लिहायला त्याला कोणी भाग पाडायचं होतं? तुम्हीच ना? मग अडाणी कोण, साहेब? सांगा.