घोंगडीआडचं शून्य

मी लाटा मोजणारा रडार बोलतोय. बोलतोय कसला, कण्हतोय म्हणा. थकलोय हो!

माझं काम पाण्याला न शिवता चालतं. उंचावरून खाली रेडिओ लहरी सोडायच्या आणि त्या पाण्यावर आपटून किती वेळात परततात ते बघायचं. त्यावरून वाऱ्यानं उठलेली लाट किती उंच ते कळतं. रत्नागिरीच्या धक्क्यावर आठ वर्षं समुद्र मोजला. खाऱ्या वाऱ्यानं अंग गंजलं, तेव्हा माझी देखभाल करणाऱ्या इंजिनिअर अनुश्री मॅडमनी मला इथं हिंगोली जिल्ह्यात, धरणाच्या घाटावर आणून बसवलं. वाटलं, म्हातारपण निवांत जाईल. कसलं निवांत!

इथून नावाडी बजरंगची नाव जवळा बाजार या गावाला जाणारी माणसं पलीकडं नेते. माझा आकडा घाटावरच्या पाटीवर उमटतो. लाट फुटाच्या वर गेली की नाव बंद. बजरंग पाटी बघतो, पाण्याकडं ढुंकूनही बघत नाही.

त्या बाजारच्या दिवशी मेंढरंवाल्या संपतरावांनी ओली घोंगडी माझ्यावर वाळत टाकली. उडू नये म्हणून माझ्या तोंडावरूनच दोरीनं गच्च आवळली आणि कळपामागं निघून गेले. दुपारी वारा सुटला. खाली पाणी उसळत होतं, मला मात्र तोंडापुढची न हलणारी लोकरच दिसत होती. पाटीवर आलं शून्य.

"बजरंग, वारं लई सुटलंय रे. पाणी बघ की!" नावेत चढताना संपतरावांच्या घरधनीण चांगुणाबाई म्हणाल्या.

"मशीन शून्य दाखवून राहिली, काकू. बसा बिनघोर."

मला आवाज असता तर बोंब ठोकली असती. नाव मधोमध जाऊन उलटली. मासेमारांनी सगळ्यांना ओढून काढलं, पण चांगुणाबाई चार दिवस दवाखान्यात होत्या. संपतरावांनी संध्याकाळी गुपचूप घोंगडी सोडून नेली. गाव मला शिव्या घालू लागलं, "काढून फेका ते डबडं!"

काल अनुश्री मॅडम आल्या. नोंदी बघून म्हणाल्या, "तीन तास आकडा हललाच नाही. याच्या तोंडापुढं काय होतं?"

मग संपतराव पुढं झाले. "माही घोंगडी व्हती. मीच बांधली."

चांगुणाबाई त्यांच्याकडं वळल्या. "चार दिस उशाशी बसले, तवा काहून बोलले न्हाई?"

"हिंमत झाली न्हाई."

त्या घराकडं चालू लागल्या.

माझ्यावरचा आळ गेला, पण आनंद म्हणाल तर नाही. बाबांनो, मला आता उतरवा. नाहीच उतरवलंत, तर नावेत पाय ठेवण्याआधी स्वतः पाण्याकडं बघत जा. चांगुणाबाईंनी बघितलं होतं. माझ्या शून्यापुढं त्यांचं कोणी ऐकलं नाही.