वरवंट्याचं झबलं

आईंनी ट्रंकेच्या तळातून झबलं काढलं, झटकलं आणि सुनेच्या, अहिल्येच्या मांडीवर ठेवलं. "आज बारशाला बाळाला हेच घाल," एवढंच म्हणाल्या आणि घुगऱ्या शिजल्या का बघायला आत गेल्या.

पिवळसर पडलेली मलमल. गळ्याशी हिरव्या रेशमाचा राघू, पाठीला तीन बंद. कुणाचं, ते विचारायला नको होतं. तिच्या नवऱ्याचे, उल्हासचे लहानपणीचे कपडे केव्हाच कुणाकुणाकडे वाटले गेले होते. जपून ठेवलं होतं ते धाकट्याचंच.

श्रीरंग, अहिल्येचा दीर. सैन्यात अधिकारी होऊन वर्षही झालं नव्हतं, तोच एकाहत्तरच्या लढाई‍त सरहद्दीवर मारला गेला. क्वार्टरच्या झरोक्यांना तेव्हा ब्लॅकआउटसाठी लावलेला काळा कागद अजून तसाच होता. काढायला कुणाचा हात धजला नव्हता. आणि तेव्हापासून आईंनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. 'तो' म्हणायच्या. 'त्याचं ताट', 'त्याची सायकल'. पण बाळ जन्मलं त्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "याचं नाव तेच ठेवायचं. ती हाक या घरात परत आली पाहिजे." सगळ्यांचे डोळे भरून आले. त्या गडबडीत बाळाच्या आईला विचारायचं राहूनच गेलं.

अहिल्येला माहेरी आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण इथेच, दिल्लीत झालं होतं. आईंनी तिचं सगळं केलं, अगदी डिंकाच्या लाडवांपासून. अशा बाईला नाही कसं म्हणायचं?

तिने उल्हासला गाठलं. तो करोल बागेतून आणलेल्या पाळण्याला दोर बांधत होता.

"अहो, या नावानं मी त्याला रागावू कशी?"

"रागवायला कोण सांगतंय?"

"माती खाईल, मारामाऱ्या करेल. 'श्रीरंग, कान उपटीन' म्हणू? आणि संध्याकाळी खाली लॉनवरून हाक मारली, की आई दाराकडे बघतील. रोज बघतील."

उल्हासने गाठ आवळली. मग सोडून पुन्हा बांधली. "मला कळत नाही का? पण आईपुढे बोलायला मला तोंड कुठाय? मी तर जिवंत आहे ना, अहिल्या."



आत येऊन तिने झबलं उचललं. बाळ मुठी वळून झोपलं होतं, ओठांवर दुधाचा थेंब. झबलं त्याच्या अंगाजवळ नेलं आणि तिचा हात थबकला. शेजारीच पाट्यावरचा वरवंटा धुऊन, पुसून ठेवला होता. पाळण्यात आधी तो जातो, मग बाळ. श्रीरंग सुटीवर आला की हाच वरवंटा एका हाताने वरखाली करत स्वयंपाकघरात उभा राहायचा. "वहिनीसाहेब, चटणी मी वाटतो. आमची पीटीपण होईल." आणि अर्धी चटणी भिंतीवर.

तिने झबलं वरवंट्याला घातलं. तीनही बंद बांधले, वर टोपरं बसवलं. बाळाला तिने स्वतः शिवलेलं निळं झबलं चढवलं. कुणी विचारलं तर जुनी शिवण टोचेल म्हणून सांगायचं, असं तिने ठरवून टाकलं.

सरला, तिची नणंद, हळदीकुंकवाचं तबक घेऊन आली. कानात नाव सांगायचा मान आत्याचा. "वहिनी, रेडी? मला तर बिल्कुल सुचत नाहीये. रंगादादाचं नाव घेतलं आणि रडू आलं तर?"

"सरला, एक ऐकशील? कानात सांगशील ना, तेव्हा इतकं हळू सांग, की त्याला ऐकूच जाऊ नये."

 तबक तसंच हातात धरून सरलाने मान डोलावली.

चार वाजता बायका जमल्या. समोरच्या कोहली बहनजींनी टोपऱ्यातला दगड बघितला आणि गालाला हात लावला. "हाय, पत्थर नूं टोपी? बच्चा किधर है?"

"बच्चा बाद में, बहनजी," शेजारच्या वासंतीकाकू म्हणाल्या. "पहले ये. बच्चा इसके जैसा मजबूत हो, इसलिए."

"अच्छा! हमारे यहाँ तो दो-दो पत्थर लगेंगे, ऐसे नाज़ुक हैं सब," म्हणत बहनजी खळखळून हसल्या. आईसुद्धा हसल्या. त्या घरात असं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकू आलं.

पाळण्याच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला वासंतीकाकू. काकूंनी वरवंटा उचलून पाळण्याखालून पुढे केला, "कुणी गोविंद घ्या." आईंनी घेतला आणि पाळण्यावरून परत दिला, "कुणी गोपाळ घ्या." पुन्हा खालून, पुन्हा वरून. नंतर तो आईंच्या हातात गेला, आणि परत आलाच नाही.

आईंचं लक्ष हिरव्या राघूवर गेलं होतं.

"द्या ना," काकू हसून म्हणाल्या. आईंनी दिला नाही. त्यांनी वरवंटा आडवा केला, टोपऱ्याखाली तळहात धरला, डोकं सावरावं तसा. खाली बसल्या आणि मांडीवर घेतला. आता विचारतील. अहिल्येने 'टोचेल' हा शब्द ओठांवर आणून ठेवला.

"जड आहे गं," आई म्हणाल्या. कुणाला, ते कळेना. "तो कलश यांच्या एका हातात मावला होता. लाल फडक्यानं तोंड बांधलेलं. तिकडेच अग्नी दिला म्हणाले. मी विचारलं, एवढाच? तर मला धरून आत नेलं तुम्ही सगळ्यांनी. हातसुद्धा लावू दिला नाही. थेट हरिद्वारला." त्यांनी झबल्याची चुणी सरळ केली. "इतका तरी जड हवा होता माझा श्रीरंग."

इतक्या दिवसांनी ते नाव आलं. एकदा आलं आणि मग थांबेना. श्रीरंगा, किती रे गार पडलास, म्हणत त्या दगडाला छातीशी धरून पुढेमागे झुलू लागल्या. दाराबाहेर दीनानाथ, सासरे, चष्मा हातात धरून उभे होते. आत आले नाहीत. बहनजींना एकही शब्द कळला नसेल. त्यांनी ओढणीचा बोळा तोंडाला लावला आणि आईंच्या पाठीशी जाऊन बसल्या.

बऱ्याच वेळाने बाळ रडलं. सरला घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, नाव..."

"हे नको." आईंनी छातीशी धरलेल्या दगडावरून मान वर केली नाही. "हे याचं आहे. याला दिलं मी."

"मग कुठलं?"

"त्याच्या आईला विचार की."

इतके दिवस अहिल्येने एक नाव मनात लपवून ठेवलं होतं. आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या आणि तिच्या जिभेवर ते येईना. श्रीरंगच येत होतं. ठेवा तेच, असं ओरडून सांगावंसं वाटलं. पण आईंनी दिलेलं काढून कसं घ्यायचं? तिने सरलाच्या कानाशी ओठ नेले. "विनायक."

सरलाने कुर्र केलं. रीतीप्रमाणे बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, पण इतके हलके, जसं कुणाला थोपटावं.

रात्री वरवंटा आईंच्या उशाशी होता.

सकाळी आई तो कडेवर घेऊनच बाहेर आल्या आणि शेगडीजवळ बसल्या. "सरलाला चटणी वाटायची आहे," म्हणाल्या. "मी किती वेळ अडवून धरू?" टोपरं काढलं. बंद सोडले, एकेक करून. उघड्या दगडावरून एकदा हात फिरवला आणि सरलाकडे दिला.

अहिल्येला राहवलं नाही. "आई, काल मीच ते... बाळाला घालवेना मला."

"कळलं मला." त्यांनी झबलं निखाऱ्यांवर लांब धरलं. "दगडाचा गारठा उतरलाय यात." दोन्ही बाजूंनी शेकलं, स्वतःच्या गालाला लावून बघितलं, पुन्हा शेकलं. मग हात पुढे केले. "आण इकडे. आता टोचणार नाही त्याला."

अहिल्येने बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. आईंनी झबल्यात एक हात घातला, मग दुसरा. पालथं घेऊन पाठीचा एक बंद बांधला, दुसरा बांधला.

आत सरलाने वरवंटा पाट्यावर ठेवला. तो दगडावर दगडाचा आवाज आला, आणि आईंची बोटं थांबली.

मग त्यांनी तिसरा बंद बांधला.