जावयाच्या ओंजळीतलं पाणी

त्या आठवड्यात मलप्पाच्या किराणा दुकानापुढं जी गर्दी जमत होती, ती मीठ-मिरचीसाठी नव्हती. व्यंकटीला शिव्या द्यायला जमत होती.

"बेइमान निघाला बघा, अण्णा. मजुरीपायी नदी इकली त्यानं!"

मलप्पा तराजूतल्या डाळीकडं बघत नुसती मान हलवायचा. मान हलवली म्हणजे काही तोंडानं खोटं बोललो नाही, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती. अहो, कसली समजूत अन् कसलं काय! व्यंकटीचा यात काडीचा दोष नाही, हे साऱ्या चिंचोलीत मलप्पाइतकं पक्कं कुणाला माहीत असणार? झिरा परक्याला दाखवला होता तो खुद्द मलप्पानं. भर दुपारी, डोक्यावर छत्री धरून, मोठ्या थाटात.

आता वाकी नदी म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. लोहा गावाच्या खालच्या अंगाला आहे ती. पावसाळ्यात चार दिवस मिजास करते आणि होळी झाली की नुसतं वाळवंट. नवखा माणूस म्हणेल, हिला नदी कोण म्हणतं? पण काठावरच्या करंजाखाली वाळू हातभर उकरली की खालून गार, गोड पाणी पाझरतं. तोच गावाचा झिरा. बोअर आटतात, हापसे नुसते खडखडतात, पण झिरा कधी आटला नाही. उन्हाळाभर माणसं अन् जनावरं त्याच्याच जिवावर.

आणि याच पाण्यावर लातूरकडच्या एका शहराचा डोळा होता. तिथल्या नगरपालिकेनं ठरवलं, पात्रात मोठी विहीर पाडायची, पाइप टाकायचा अन् पंपानं पाणी शहरात न्यायचं. एकदा तो पंप सुरू झाला की झिऱ्यात वाळूच उरणार. चिंचोलीनं नदी समिती काढली, मोर्चे काढले, निवेदनं दिली. कुणी ढुंकून पाहिलं नाही. तेव्हा अक्कल सुचली ती मलप्पालाच.

"भांडता काहून?" तो समितीच्या बैठकीत म्हणाला. "सर्वेवाले येतील तवा झिरा वाळूनं बुजवा, वर बाभळीच्या काट्या टाका. पाणी भरायचं ते उजाडायच्या आधी. पाणीच दिसलं न्हाई तर नेतील काय, कपाळ?"

माणसं हसली, अन् तसंच केलं. सर्वेवाल्यांना वरच्या अंगाची खडकाळ जागा दाखवली. तिथं भोकं पाडून पाडून ते कंटाळले आणि नदी कोरडी आहे म्हणून गाशा गुंडाळायच्या बेतात आले. त्यांचे पाइप उचलायला व्यंकटी रोजानं जात होता, पण जाताना समितीला विचारून गेला होता. तोंडातून ब्र काढला नव्हता त्यानं.

अन् नेमका त्याच वेळी आला धोंड्याचा महिना. मलप्पाची लेक दामिनी त्याच शहरात दिलेली, आणि जावई शिवप्रसाद त्याच नगरपालिकेत पाणीपुरवठ्याचा अभियंता. लग्नानंतरचा पहिला धोंडा, जावयाला जेवायला बोलावणं भागच होतं. दामिनी पोटुशी, डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलेलं, म्हणून तो एकटाच आला. सिद्धम्मानं पुरणाचे धोंडे केले, वर तुपाची धार धरली. जेवण झकास झालं. आणि हात धुता धुता शिवप्रसाद सहज हसत म्हणाला, "मामा, तुमच्या नदीचं नुसतं नावच मोठं. आमचे साहेब म्हणतात, वाळूशिवाय काही नाही तिथं."

झालं! मलप्पाला ते असं झोंबलं म्हणता!

चिंचोलीची रीत अशी, की धोंड्याला आलेल्या जावयाला सासऱ्यानं नदीवर न्यायचं आणि झिऱ्याचं पाणी स्वतःच्या हातानं त्याच्या ओंजळीत घालायचं. त्याशिवाय धोंडा पुरा होत नाही. औंदा ही रीत घरातल्या घरातच उरकायची, असं समितीत ठरलेलं होतं. सिद्धम्मा दारात आडवी आली.

"तांब्यात भरून ठिवलंय म्या झिऱ्याचं. हितंच पाजा की."

"गप गं. जावई काय परका हाय?" मलप्पा म्हणाला आणि छत्री घेऊन निघालासुद्धा.

नदीत जाऊन त्यानं काट्या बाजूला ओढल्या, वाळू उकरली. बघता बघता पाणी वर आलं. शिवप्रसादनं ओंजळ धरली, मलप्पानं तांब्यानं पाणी घातलं. पोरगा पोटभर प्याला, तोंडावरून ओला हात फिरवला आणि मग त्या खड्ड्याकडं बघतच राहिला.

"किती खोल असेल हो, मामा?"

आणि आपला शहाणा मलप्पा छाती फुगवून म्हणाला, "आमच्या आज्ज्याला बी तळ लागला न्हाई!"

ऊन मी म्हणत होतं, जावयाला परतायची घाई होती. गप्पांच्या नादात झिरा झाकायचा तसाच राहिला. दिवस कलल्यावर मलप्पाला ते आठवलं. धापा टाकत नदीवर गेला, तर झिरा नीट बुजवलेला, काट्या जागच्या जागी. घाईत आपणच झाकला असेल, असं म्हणून त्यानं महादेवाला हात जोडले आणि घरी येऊन निवांत चहा प्याला.

चार दिवस गेले नाहीत तोच सर्वेवाले परत आले. इकडंतिकडं न बघता सरळ करंजाखाली. चुन्याची फक्की मारली आणि पुढच्या आठवड्यात पोकलेन येईल म्हणून सांगून गेले.

मलप्पानं दुकानामागं जाऊन जावयाला फोन लावला. शिवप्रसाद वरमून, पण न अडखळता बोलला. "मामा, साहेबांनी विचारलं, मला खोटं बोलता आलं नाही. इथं पंधरवड्यानं नळ येतो. ह्या अवस्थेत दामिनी टँकरच्या घागरी तिसऱ्या मजल्यावर चढवते. सांगा, मी काय करायला पाहिजे होतं?"

मलप्पानं फोन बंद केला. जावयावर चिडावं तर जिना चढणारी लेक डोळ्यापुढं येई. अन् लेकीसाठी गप्प बसावं, तर इथं व्यंकटीचे हाल चाललेले. त्याला कुणी कामाला बोलवेना. त्याची बायको नागाबाई झिऱ्यावर गेली की बायका तिची कळशी पायानं मागं सारायच्या. मलप्पानं एकदा साखर अन् चहापत्ती तिच्या घरी धाडली. नागाबाईनं पुडे तसेच परत आणून दुकानाच्या फळीवर ठेवले.

"आमी मागितलं नव्हतं, अण्णा," एवढंच म्हणाली.

सिद्धम्मा रोज पानावर बसल्यावर तेच काढायची. "सांगून टाका."

"सांगतो."

"कवा? त्या दोघांनी गाव सोडल्यावर?"

"अगं, दामिनीचं नाव निघंल. पाण्याची तरकीब म्याच सांगितली अन् म्याच... कुन्या तोंडानं सांगू? मला पुन्हा अण्णा म्हणंल का कुणी?"

"तुमाला अण्णा म्हणून घ्यायची पडलीय," सिद्धम्मा म्हणाली आणि ताट घेऊन उठून गेली. आपण हलकट आहोत, हे मलप्पाला कळत होतं. कळत होतं, तरी जीभ उचलत नव्हती.

पोकलेन येणार त्याच्या आदल्या दिवशी, ऊन उतरल्यावर, समितीचा म्होरक्या बालाजी यानं महादेवाच्या देवळापुढं गाव बोलावलं.

"उद्या नदीत बसायचं हाय," बालाजी म्हणाला. "पण आपल्यातच दगाबाज आसंल तर बसून काय फायदा? घरटी एकानं झिऱ्याचं पाणी ओंजळीत घ्यायचं अन् शपथ घ्यायची. ज्येनं दावलं त्येच्या घराला झिऱ्याचं पाणी बंद."

बरं झालं, मलप्पाला वाटलं, आता पळवाट नाही. आपली पाळी येईल अन् सुटू एकदाचे. पण बालाजीनं पाण्याची घागर त्याच्याच पुढं आणून ठेवली.

"अण्णा, पाणी तुमीच वाढा. तुमाला काय शपथ घ्यायची गरज हाय व्हय?"

यापरीस कुणी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं! मलप्पा तांब्या बुडवायचा, ओंजळीत पाणी घालायचा. एकेक जण "म्या दावलं न्हाई" म्हणायचा, पाणी प्यायचा आणि बाजूला व्हायचा. व्यंकटी आला. त्याची ओंजळ इतकी थरथरत होती की निम्मं पाणी पायावर सांडलं.

"म्या दावलं न्हाई."

मागं कुणीतरी फिसकन हसलं. "बघा, पाणी बी हातात ऱ्हाईना." व्यंकटी खाली मान घालून बाजूला झाला. मलप्पा घागरीत बघत राहिला.

मग नागाबाई पुढं आली. घरटी एकच, असं बालाजी म्हणाला, तर तिनं तिकडं लक्षच दिलं नाही. ओंजळ धरून थेट मलप्पाच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "वाढा, अण्णा."

त्यानं पाणी घातलं.

"म्या झिरा कुनाला दावला न्हाई," नागाबाई म्हणाली. "उघडा दिसला, म्या फकस्त झाकला."

"कवा उघडा दिसला?" बालाजी ओरडला. "कुनी उघडला व्हता?"

"ते मला नका इचारू." ती पाणी प्याली आणि नवऱ्याशेजारी जाऊन उभी राहिली.

मलप्पाच्या हातातला तांब्या घागरीच्या काठावर आपटला. त्या दुपारी काठावर शेरडं चारत होती ही! छत्री, जावई, ओंजळ, सगळं बघितलं होतं हिनं. एका शब्दात नवऱ्याला सोडवू शकत होती. ती बोलली नव्हती. मलप्पानं उजव्या हाताचा पसा केला, डाव्या हातानं तांब्यातलं पाणी त्यात घेतलं आणि महादेवाकडं तोंड केलं.

"दावलं ते म्या," तो म्हणाला. "धोंड्याच्या दिशी, जावयाला. व्यंकटीचा काय बी गुन्हा न्हाई."

"अण्णा, तुमी?" बालाजीच्या तोंडून एवढंच निघालं. ज्या माणसांनी दुकानापुढं शिव्या दिल्या होत्या ती आता एकमेकांकडंही बघेनात. मलप्पा नागाबाईकडं वळला.

"तू का नाय सांगितलंस, बाई?"

"वाट बगून राहिले व्हते," ती म्हणाली. "तुमी सांगताल मनून. इतके दिस लावताल असं वाटलं नव्हतं."

बालाजी आता पेटला होता. ठरल्याप्रमाणं मलप्पाच्या घराचं पाणी बंद करा, असं तो म्हणू लागला, तेव्हा व्यंकटी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला.

"पाणी कुनाचं तोडू नका. आमाला मालूम हाय ते कसं असतं. उद्या पोकलेनसंगं यांचा जावई येनार. समद्यांच्या पुढं अण्णांनी बसावं. बास."

सकाळी सारं गाव वाळूत बसलं होतं, आणि सगळ्यांच्या पुढं, झिऱ्याच्या तोंडाशी, मलप्पा. पोकलेन काठावर येऊन थांबलं. जीपमधून शिवप्रसाद उतरला आणि सासऱ्याला बघून जागीच थबकला. मग जवळ येऊन हळूच म्हणाला, "मामा, उठा. माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"तान लागली आसंल तर ओंजळ करा, बापू," मलप्पा म्हणाला. "घागरी आणा, टाकी आणा, मी सोता भरून देतो. पाइप न्हाई घालू देनार."

शिवप्रसाद जीपकडं गेला आणि साहेबांना फोन लावू लागला. तेवढ्यात मलप्पाच्या खिशातला फोन वाजला. दामिनी होती.

"अप्पा, आलं का हो पोकलेन?" तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "हितल्या बायका सारख्या विचारून राहिल्यात, तुझ्या माहेरचं पाणी कवा येनार म्हणून."

"आलंय, बाई."

"मग?"

"मी त्याच्यापुढं बसलोय गं."

पलीकडं हॉर्न वाजला, बादल्यांचा खणखणाट झाला, बायकांची आरडाओरड ऐकू आली.

"टँकर आलाय, अप्पा. जाते," दामिनी म्हणाली आणि फोन बंद झाला.

मलप्पा फोन कानाला तसाच धरून बसला होता. नागाबाईनं झिऱ्यातून तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला. ऊन चढलं होतं, घसा कोरडा पडला होता. त्यानं ओंजळ केली, तिनं पाणी घातलं. पण ते त्याला काही केल्या पिववेना.