मध्यंतरातली नाडी

२००२ साली मी एम.पी.एड.ला होते आणि प्रबंधाला विषय घेतला होता, स्पर्धेतल्या सामन्यात फुटबॉलपटूच्या शरीरावर किती ताण येतो त्याचं मापन. कोल्हापुरात फुटबॉलवर बोलणारे पेठेगणिक शेकडो सापडतील; मोजणारं कुणी नव्हतं. ते काम आपण करणार, या कल्पनेनेच मी फुगले होते.

साधनं म्हणजे काय, तर मैदानाचे चौकोन आखलेले झेरॉक्स कागद, पेन्सिल आणि स्टॉपवॉच. माझ्या वर्गातले चौघं गॅलरीत बसत. प्रत्येकाने एकच खेळाडू धरायचा, तो जिथं पळेल तिथं कागदावर पेन्सिल पळवायची आणि नंतर रेघा मोजून किलोमीटर काढायचे. मी मैदानाकडेला. मध्यंतर झालं की त्या चार खेळाडूंच्या मानेवर बोट ठेवून नाडी मोजायची, आठ मिनिटांनी पुन्हा मोजायची. किती उतरली त्यावरून शरीर किती सावरलं ते कळतं. बाईमाणूस खेळाडूंच्या मानेला हात लावतंय म्हटल्यावर गॅलरीतून आवाज येणारच. "ओ म्याडम, पंचाची बी नाडी बघा की, जित्ता हाय का न्हाय!"

त्या चार खेळाडूंतला एक माझा थोरला भाऊ, नागसेन. हाफबॅक. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ पेठांतल्या तालमींचे; बुद्धविहारामागच्या आमच्या गल्लीतून तसल्या तालमीच्या संघात गेलेला तो एकटाच. त्याला कुणी टोचून बोलायचं असं नाही, पण इथं टिकायचं तर आपण दुसऱ्याच्या दुप्पट पळायला पाहिजे, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आणि तो पळायचा. पहिल्याच सामन्यात त्याचे नऊ किलोमीटर निघाले, बाकीच्यांचे सातच्या आसपास. संघाचे वस्ताद आण्णा यांनी तो आकडा तालमीच्या फळ्यावर खडूने लिहिला. आई आठवडाभर वाट वाकडी करून त्या फळ्यावरून जायची.

दुसरा एक आकडा मात्र फळ्यावर गेला नाही. आठ मिनिटांनंतर तिघांची नाडी एकशेदहा-वीसवर उतरली होती. दादाची एकशे चौसष्ट.

मी पुन्हा मोजली. तेवढीच. मग मी कारण शोधलं, आणि ते हाताशीच होतं. आण्णा जुने पैलवान. खेळ थांबल्यावर गडी बसला की अंग आखडतं, ही आखाड्यातली शिस्त त्यांनी फुटबॉललाही लावली होती. मध्यंतरात कुणी बसायचं नाही, सगळ्यांनी फेऱ्या मारायच्या. मी वहीत शेरा लिहिला, 'मध्यंतरात चालल्यामुळे'. फेऱ्या चौघंही मारत होते. हे मला लिहितानाच दिसत होतं, तरी मी लिहिलं.

दुसऱ्या सामन्यात एकशे अडुसष्ट. पाचव्यात एकशे बहात्तर. मार्गदर्शक सरांना वही दाखवली तर ते म्हणाले, "हा आकडा सगळी सरासरी बिघडवतोय. मोजण्यात चूक झाली असेल. वगळ." मी नाडीचा तेवढा आकडा वगळला, अंतराच्या नोंदी ठेवल्या, आणि मला हायसं वाटलं. सांगायची लाज वाटते, पण वाटलं.

सहावा सामना उपांत्य फेरीचा. तो बघायला पुण्याच्या एका कारखान्याच्या संघाची माणसं येणार होती. दादा पसंत पडला तर कायमची नोकरी होती. माझेही सहा सामने पुरे व्हायला तोच एक उरला होता. मधेच खेळाडू बदलला की त्याच्या सगळ्या नोंदी बाद. मी दादाच्या नोकरीसाठी गप्प बसले की माझ्या पदवीसाठी, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. आदल्या दिवशी एवढंच विचारलं, "दादा, जिना चढताना दम लागतो काय रं?"

"कुणाला लागत न्हाय?" तो बूट पुसत होता. "उद्याची मॅच हुदे, मग बोलू."

त्या मध्यंतरात एकशे शहात्तर. ओठ पांढरे पडलेले. मी धावत आण्णांकडे गेले. "आण्णा, नागसेनला बाहेर घ्या."

"का गं? काय दुखतंय त्याला?"

दादा फेऱ्या मारता मारता थांबून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मागे खुर्च्यांवर ती पुण्याची माणसं बसली होती. तोंडाशी आलेलं मी गिळलं. "न्हाय, दुखत काय न्हाय," मी म्हणाले. "दमलाय जरा."

"दमलाय?" आण्णा हसले. "दमायलाच आलाय की त्यो!"

उत्तरार्धात बाविसाव्या मिनिटाला तो पडला. चेंडू दुसऱ्या टोकाला होता, त्याच्या आसपास कुणीही नव्हतं. गॅलरीला वाटलं वेळ काढतोय. "ऊठ की! नाटक करतोस व्हय!" शिट्ट्या वाजल्या. तो उठत नाही म्हटल्यावर एकेक शिट्टी थांबत गेली.

दादा वाचला. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, तेव्हाच हृदयाची एक झडप खराब झाली होती आणि आम्हाला कुणाला पत्ता नव्हता. महिनाभर आधी आणलं असतं तर एवढ्यावर गेलं नसतं, असं डॉक्टर सहज बोलून गेले. ऑपरेशन झालं. फुटबॉल संपला, नोकरी गेली, घरात पाण्याची भरलेली बादली उचलायचीही बंदी आली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

सामना पूर्ण न खेळलेल्या खेळाडूची नोंद प्रबंधात धरायची नाही, असा नियम मीच पहिल्या प्रकरणात लिहिला होता. त्याप्रमाणे तिघांच्या नोंदींवर प्रबंध पुरा झाला आणि मला पहिला वर्ग मिळाला. घरी आणलेली प्रत दादाने मांडीवर घेतली. एकेक तक्ता तो बोट ठेवून बघत गेला.

"ह्यात मी कुठं हाय?"

मग मात्र मला राहवलं नाही. मी कच्ची वही काढून त्याच्या पुढ्यात ठेवली आणि सगळं सांगितलं. एकशे चौसष्ट, अडुसष्ट, बहात्तर. तो शेरा. आण्णांना काय सांगायला गेले आणि काय सांगितलं. सांगताना मी रडत होते आणि त्याने रागवावं, हाणावं, असं मला मनापासून वाटत होतं.

त्याने वही मिटली. "आधी सांगितलं असतंस, तरी मी खेळलोच असतो," तो म्हणाला.

क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं.

"पन निशा," तो म्हणाला, "ते माझं मला ठरवू द्यायचं हुतंस की."