शटरमागचा पहिलवान

मित्रांनो, दुकानामागच्या अंगणात विटांशेजारी आडवा पडलेला तो गंजका लोखंडी खांब दिसतोय ना, तोच मी. हसू नका. एके काळी मला सगळे पहिलवान म्हणायचे, आणि तेही थट्टेने नव्हे.

माझा जन्म एका वेल्डरच्या शेडमध्ये झाला. जाड पाइप कापून त्याच्या डोक्याला आकडा आणि पायाशी खुंटी जोडून त्याने मला घडवलं. मला घडवून घेणारे अप्पा लाकडी कपाटं बनवायचे. मोठाली कपाटं आत-बाहेर करायची, म्हणून त्यांच्या दुकानाचं शटर भलतंच रुंद होतं. रुंद शटरचं दुखणं एकच. वादळाचा वारा त्याला मधोमध आत ढकलतो. तिथे आधार नसेल तर पत्रा कडेच्या खाचांतून निसटतो, वारा आत शिरतो आणि छप्पर आतून उचलून नेतो. म्हणून वादळाची वर्दी आली की मला शटरमागे उभं करायचं. आकडा वरच्या तुळईत, खुंटी फरशीतल्या भोकात. मग मी जागचा हलत नसे.

"आधी पहिलवानाला उभा करा, मग बाकीचं!" अप्पा आपल्या दोन्ही मुलांना दरडावायचे. दोन मोठी वादळं मी छातीवर झेलली. समोरच्या भांड्यांच्या दुकानाचं छप्पर उडालं, पातेली गल्लीभर लोळली. आमच्या कपाटांवर मात्र ओरखडासुद्धा नाही. अप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली तेव्हा काय सांगू, ऊर भरून आला हो.

पुढे अप्पा गेले. दुकान थोरल्याने सांभाळलं, धाकटा त्याच्या हाताखाली. थोरला पक्का आईवेडा. एकदा आई दुकानात आली आणि फरशीतल्या त्या भोकात तिच्या चपलेचं टोक अडकलं. पाय असा मुरगळला की कितीतरी दिवस ती काठी टेकत चालत होती. थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"आजच्या आज बुजवून टाका हे!"

"अरे दादा, मग पहिलवानाला उभा कशात करायचा?" धाकट्याने विचारलं.

"वादळ काय रोज येतं? आईचा पाय मोडला असता तर? येईल तेव्हा बघू."

भोकात सिमेंट भरलं, वर गुळगुळीत फरशी बसली. आईच्या मायेपोटीच केलं हो त्याने, रागावू तरी कसा? पण भोकाला साधं झाकण बसवता आलं असतं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर पॉलिशची ओली फडकी वाळू लागली. रंग उडाला, गंज चढला. कुणी ढुंकून पाहीना.

आणि मग ते वादळ आलं. भर दुपारी अंधारून आलं. आई आणि घरची मंडळी आधीच शाळेच्या पक्क्या इमारतीत जाऊन बसली होती. दोघे भाऊ मात्र माल सुरक्षित ठेवायला म्हणून दुकानात थांबले. शटर धडधडू लागलं तशी थोरल्याला माझी आठवण झाली. दोघांनी मला ओढत आणलं. आकडा वर अडकला, पण खुंटी टेकायला जागाच नाही! धाकट्याने फरशी फोडली, छिन्नीवर घावांमागून घाव घातले. आतलं सिमेंट दगडासारखं घट्ट. वीज गेलेली, त्यामुळे ड्रिलही बंद.

"दादा, सोड ते. मागच्या खोलीत चल, तिला वर स्लॅब आहे."

"तू हो पुढे. मी धरतो याला."

"माणसाच्या जोराने थांबतंय होय ते? चल म्हणतो ना!"

"अप्पांचं दुकान आहे रे! तू जा, आलोच मी."

धाकटा मागे गेला. थोरल्याने मला खांदा लावला. त्याचा श्वास मला जाणवत होता. मी जीव तोडून शटर रेटत होतो, पण पायाखाली काही नसलेला खांब काय करणार? एक झोत असा आला की शटर फाडकन खाचांतून सुटलं. माझी खुंटी फरशीच्या कपच्यांवरून घसरली, आकडा निसटला आणि मी थोरल्याच्या छातीवर कोसळलो. मागोमाग छप्पर गेलं. धाकट्याने पावसात मला बाजूला सारलं, तेव्हा त्याच्या दादामध्ये धुगधुगीसुद्धा उरली नव्हती.

ज्या घराला राखायला मला घडवलं, त्याच घरातला माणूस माझ्या वजनाखाली गेला. मला ओरडायचं होतं, मित्रांनो. लोखंडाला तेही येत नाही.

"माझाच मेलीचा पाय का अडकला तिथे," असं आई अजून म्हणते. धाकटा समजूत घालतो, पण तिला काही ते पटत नाही. नव्या दुकानाला त्याने दोन अरुंद शटरं बसवली आणि त्यांच्यामध्ये पक्का खांब बांधून घेतला. भंगारवाल्याला त्याने परत पाठवलं, पण त्यानंतर मला हातही लावला नाही. मी त्याला दोष देत नाही.

मित्रांनो, एखादी वस्तू नडते म्हणून काढून टाकण्याआधी, ती तिथे कशासाठी ठेवली होती एवढं विचारा. वादळाची तयारी आभाळ स्वच्छ असताना करा. आणि वारा सुटला की दुकान, माल, सगळं सोडून पक्क्या भिंतींआड पळा. कपाटं पुन्हा बनवता येतात हो.

काल धाकट्याने नव्या दुकानातलं पहिलं कपाट पूर्ण केलं. उचलायला तो वाकला, एका बाजूने खाली हात घातला आणि सवयीने म्हणाला, "दादा, धर रे तिकडून." मग तो तसाच वाकून राहिला, बराच वेळ.