पोको मरताना बोलली

मरायचं म्हणजे काय, नुसतं पडून राहायचं. तेवढंही आपल्याला जमलं नाही, म्हणून पोको चार महिने मनातल्या मनात जळत होती.

यांबा सिनेमा काढायला गावात आला, तेव्हा त्यातल्या आजीचं काम कोण करणार हे कुणी विचारलंसुद्धा नाही. पोको असताना विचारायचं कशाला? अंगण तिचं, रांजण तिचे, पडद्यावर रडायला हव्या होत्या त्या सुनाही तिच्याच. शेवटच्या दिवशी आजीच्या मरणाचा प्रसंग होता आणि फिल्मचा एकच डबा उरला होता.

"आजी, हे चुकलं तर सिनेमा इथंच संपला," यांबाने बजावलं.

पोको चटईवर पडली. सुनांनी असा गळा काढला की पलीकडच्या वस्तीवरचा पारे खरंच मयत झालं समजून हातातलं काम टाकून धावत आला. पारे सामो, पोको मोशी. या दोन जमातींचं थट्टेचं नातं वाडवडिलांपासूनचं. मोशीच्या मयताला सामोने प्रेताची टर उडवायचीच, अन् काही पदरात पडल्याशिवाय हलायचं नाही. त्याला अडवायची कुणाची छाती? तो कॅमेऱ्यासमोरून थेट पोकोशेजारी जाऊन आडवा झाला.

"ऊठ गं, माझे दासी! माझी बाजरी कोण कांडणार? कामाचा कंटाळा म्हणून मरतेस होय?"

हसू दाबताना पोकोचं पोट हललं. तिने ओठ आवळले, पण तोंड गप्प बसेल तर ती पोको कसली!

"द्या रे त्या भुक्कडाला एक कोंबडी, नाहीतर हा मेला मला सुखाने मरूही देणार नाही!"

इतक्यात डब्यातली फिल्म संपली. यांबाने कॅमेरा आवरला. देशात थेटरं होती, सिनेमांचा मोठा महोत्सव भरत होता, पण फिल्म धुवायला मात्र पॅरिसच गाठावं लागे. डबे घेऊन तो निघून गेला. त्याची पाच वर्षांची मेहनत आपल्या जिभेने खाल्ली, असं पोकोने मनात धरून ठेवलं.

आता सगळं गाव ट्रकमधून राजधानीतल्या, वागादुगूच्या थेटरात आलं होतं. पारे नेमका तिच्याच शेजारी बसला.

"दासी, सिनेमा बुडाला तर माझं नाव सांगू नकोस."

"तुझं नाव घेऊन तोंड कोण विटाळेल?"

तो प्रसंग आला तशी पोकोने डोळे गच्च मिटले. अन् अख्खं थेटर खदाखदा हसलं! तिने डोळे उघडले, तर पडद्यावर एकदम ताजी माती, आधीच कधीतरी टिपून ठेवलेली कबर. हसू जागीच विरलं. मागे कुणीतरी नाक ओढलं. सिनेमातली आजी त्या बोलण्यानंतरच मरते, असं यांबाने जुळवलं होतं. तेच तिचे शेवटचे शब्द झाले होते.

"मग कळवलं का नाहीस रे, मुडद्या?" पोकोने पुढच्या रांगेतल्या यांबाचा कान धरला.

"आजी, लोक हसतील की उठून जातील, हे मलाच आत्ता कळलं!"

पोकोने कान सोडला, पाय पसरले, लांब श्वास घेतला आणि पारेला कोपराने ढोसलं.

"जा, बाहेरून भाजलेलं मटण आण. चार महिने धड घास गेला नाही माझ्या घशाखाली."

पारे शिव्या देत उठला.

"आणि तिखट जास्त घाल म्हणावं!" ती मागून ओरडली.